मदत हवी आहे: दाट झाडीसाठी ८×४२ की ८×३२?

अंजनेरी, हरसूलकडच्या झाडीत पक्षी बघायला दुर्बीण घ्यायची आहे (पहिला आकडा किती पट मोठं दिसतं तो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिमीमध्ये). १०×४२ नको, चित्र हलतं आणि दृश्यक्षेत्र अरुंद, पाचोळ्यात उड्या मारणारा नवरंग सापडेपर्यंत दिसेनासा होतो. ८×४२ मधून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिमीचा, ८×३२ मधून ४ मिमीचा. पहाटे झाडाखाली हा फरक जाणवतोच, पण ४२ची गळ्यात जड होते.

चष्मा असल्याने आय रिलीफ (डोळा भिंगापासून जितका लांब ठेवूनही पूर्ण चित्र दिसतं ते अंतर) किमान १६ मिमी हवा, जवळचा फोकस २ मीटरपर्यंत, आणि पावसाळ्यात भिंगं आतून धुरकटू नयेत म्हणून नायट्रोजन भरलेली. १५ हजारांच्या आत असं मॉडेल कोणी वापरतंय का? फोकसचं चाक किती फिरवावं लागतं तेही सांगा. जवळच्या फांदीवरून शेंड्यावर जाताना फार फिरवावं लागलं तर पक्षी हातचा जातो. नाशकात प्रत्यक्ष हाताळून बघायला कुठे मिळेल?