ऊर्जेचा आकडा थकल्यावरच टाकू नका
जेवण आणि कॅलरी नोंदवायच्या अ‍ॅपवरच्या चर्चेत एकांनी लिहिलंय की दुपारी तीनला गळून जायला होतं, म्हणजे अ‍ॅपमध्ये दिसणारी जेवणातली कर्बोदकंच दोषी. मला हे पूर्ण पटत नाही. दुपारची ती पेंग शरीराच्या २४ तासांच्या घड्याळाचाही भाग असते. जेवण चुकवलं तरी येऊ शकते. भरपेट जेवणाने वाढते, हे खरं.

जेवणाच्या नोंदींसोबत मी अंगातल्या ऊर्जेला १ (गळून गेलेली) ते ५ (ताजीतवानी) असा आकडा देते, दिवसातून चार ठरलेल्या वेळी, गजर लावून. आधी फक्त थकल्यावरच नोंद करायचे, त्यामुळे दर वेळी कुठलं ना कुठलं जेवण गुन्हेगार ठरायचं! आकडा टाकण्याआधी कॅलरी बघायच्या नाहीत, हेही पथ्य. नाहीतर मन आपोआप हिशोब जुळवतं.

शेजारी झोपेचे तास आणि कॉफीची वेळ लिहाच. शरीरातलं कॅफीन निम्म्यावर यायला साधारण ५ तास लागतात. म्हणजे संध्याकाळच्या कपाने झोप बिघडते आणि आळ येतो दुसऱ्या दिवशीच्या न्याहारीवर. माझ्या नोंदींत तर झोपेपुढे जेवण फिकंच पडलं.

नीट झोपूनही आकडा आठवडेच्या आठवडे २ वरच अडकला असेल, तर अ‍ॅप बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारून हिमोग्लोबिन, थायरॉइड तपासून घ्या.