खासगी आरोग्य विम्यावर सामूहिक बहिष्कार शक्य आहे का?

कोथरूडकर (प्रश्नकर्ता):

माझ्या आईवडिलांची (वय ६७ आणि ७२) पाच लाखांची पॉलिसी आहे. तीन वर्षांपूर्वी तिचा हप्ता ३८,४०० रुपये होता. यंदाच्या नूतनीकरणाच्या सूचनेत तो ६१,२०० झाला आहे. एवढ्या काळात क्लेम एकच केला. गेल्या वर्षी वडिलांना न्यूमोनिया झाला, तेव्हा रुग्णालयात जनरल वॉर्डात खाट नव्हती, म्हणून रोज आठ हजारांची स्वतंत्र खोली घ्यावी लागली. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा विमारकमेच्या एक टक्का, म्हणजे पाच हजार. वरचे तीन हजार आपण भरायचे अशी माझी समजूत होती, पण डॉक्टरांच्या भेटी आणि नर्सिंगचे शुल्कही त्याच प्रमाणात कापले गेले आणि हातमोजे-मास्क ‘नॉन-मेडिकल’ म्हणून निराळे वजा झाले. डिस्चार्जचे कागद सकाळी अकराला तयार होते, कंपनीची मंजुरी संध्याकाळी सातला आली. तोवर वडील चपला घालून, औषधांची पिशवी मांडीवर घेऊन खाटेच्या कडेला बसून होते.

असे अनुभव घरोघरी आहेत. मग हजारो पॉलिसीधारकांनी ठरवून एक वर्ष हप्ताच भरला नाही, तर कंपन्या वठणीवर येणार नाहीत का?

निवृत्त अंडररायटर:

विमा कंपनीत जोखीम तोलून हप्ता ठरवण्याच्या कामात तीस वर्षे काढली आहेत, त्यामुळे उत्तर थोडे रूक्ष वाटेल. पहिली अडचण तारखेची आहे. परदेशी कापड सगळ्यांनी एकाच दिवशी नाकारता येते. पॉलिसीचे नूतनीकरण मात्र प्रत्येकाचे वेगळ्या दिवशी येते आणि पैसे तर वर्षभराचे आधीच भरलेले असतात. आज ठराव झाला तरी तो पुरा अमलात यायला बारा महिने लागतील, आणि तेवढ्या काळात पहिले बाहेर पडलेले निम्मे लोक घाबरून परतलेले असतील.

दुसरी अडचण मोठी आहे. बाहेर पडणे परवडते ते तिशीतल्या, धडधाकट माणसाला. ज्याला मधुमेह आहे किंवा ज्याची अँजिओप्लास्टी झाली आहे, तो पॉलिसी सोडणार नाही. त्यामुळे गंगाजळीत आजारी माणसांचे प्रमाण वाढते, क्लेम वाढतात आणि पुढचा हप्ता आणखी चढतो. तुमच्या बहिष्काराचा भुर्दंड तुमच्याच वडिलांना बसेल.

शिवाय वार्षिक हप्त्यासाठी मिळणारी ३० दिवसांची सवलतीची मुदत उलटली की पॉलिसी खंडित होते. आधीच्या आजारांसाठीचा प्रतीक्षाकाळ (ज्यात त्या आजारांचा क्लेम मिळत नाही), जो २०२४पासून जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, तो नव्या पॉलिसीत पुन्हा पहिल्यापासून मोजला जातो. सलग ६० महिने पूर्ण झाल्यावर, फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय, ‘आजार लपवला’ म्हणून क्लेम नाकारता येत नाही; ते संरक्षणही जाते. आणि आरोग्य विम्याच्या एकूण हप्त्यांतला निम्म्याहून जास्त पैसा समूह विम्याचा आहे. तो नोकरी देणारी कंपनी भरते. तिथे कर्मचाऱ्याला कोणी विचारतही नाही.

वर्धेकर:

वरील प्रतिसादातले तांत्रिक मुद्दे मान्य. निष्कर्ष मात्र मला अपुरा वाटतो. १९०५ साली पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, तेव्हा स्वदेशी गिरण्या आणि हातमाग निदान अस्तित्वात तरी होते. इथे पॉलिसी जाळल्यावर माणसाने जायचे कुठे, हा खरा प्रश्न आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आता राज्यातल्या सर्व कुटुंबांसाठी आहे, सत्तरीच्या पुढच्यांना २०२४पासून उत्पन्नाची अट न लावता आयुष्मान भारतचे पाच लाखांचे संरक्षण आहे (प्रश्नकर्त्यांच्या वडिलांनी ते कार्ड काढले आहे का?), पण ठरावीक उपचार आणि ठरावीक रुग्णालये ही मर्यादा राहतेच.

पर्याय उभा करता येतो, हे मात्र आमच्या जिल्ह्याने पाहिले आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने आसपासच्या गावांत ज्वारीवर चालणारा विमा सुरू केला होता. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ज्वारी द्यायची, ज्याची जमीन जास्त त्याने जास्त द्यायची, आणि गावातली बहुसंख्य कुटुंबे आली तरच गाव योजनेत घ्यायचे. फक्त आजाऱ्यांनी नाव नोंदवायचे आणि धट्ट्याकट्ट्यांनी बाहेर राहायचे, हा जो धोका अंडररायटर साहेबांनी सांगितला, त्यावरचा उपाय त्या एका अटीत होता. अँजिओप्लास्टीचा खर्च ज्वारीच्या पोत्यांत भागत नाही, हे मला कळते.

ग्राहक कार्यकर्ती:

बहिष्कार म्हणजे विमा सोडणे, असेच का धरायचे? कंपनी सोडता येते. २०११पासून पोर्टेबिलिटी, म्हणजे पॉलिसी एका कंपनीतून दुसरीकडे नेण्याची सोय, आहे. नूतनीकरणाच्या दीड महिना आधी अर्ज केला तर आधीच्या विमारकमेपुरता पूर्ण झालेला प्रतीक्षाकाळ सोबत नेता येतो. अडचण अशी की नवी कंपनी अर्ज नाकारू शकते आणि बहात्तराव्या वर्षी बहुधा नाकारतेच. तरुण सभासदांनी एकत्र पोर्ट केले तर मागे राहणाऱ्या ज्येष्ठांवर बोजा पडतो, हा आक्षेप इथेही लागू आहे. पण कंपनीला चांगला ग्राहक गेल्याचे जितके दुःख होते, तितके ट्विटरवरच्या संतापाचे होत नाही.

माझा भर मात्र तक्रारीवर आहे. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर आधी विमा नियामक आयआरडीएआयशी सल्लामसलत करावी लागेल, असा आदेश जानेवारी २०२५मध्ये निघाला, तेव्हा कोणी पॉलिसी सोडली नव्हती. आरडाओरडा मात्र भरपूर झाला होता. डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची आणि उशिरामुळे रुग्णालयाने जादा आकारणी केली तर ती कंपनीने भागधारकांच्या निधीतून सोसायची, हा नियम २०२४चा आहे. आपल्या वडिलांना आठ तास बसवले, म्हणजे ही तक्रार सरळ बसते. आधी कंपनीला लेखी द्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जा. पुण्यात कार्यालय आहे, शुल्क नाही, वकील चालत नाही. एकाच कलमाने कात्री लागलेले अनेक जण असतील तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९च्या कलम ३५नुसार ग्राहक आयोगाच्या परवानगीने सर्वांच्या वतीने एकच तक्रार करता येते.

कोथरूडकर:

सर्वांचे आभार. वडिलांचे आयुष्मान कार्ड काढलेले नाही; उद्या आधार घेऊन केंद्रावर जातो. हप्ता भरणार आहे, नाइलाज आहे. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल कंपनी, नूतनीकरणाची तारीख आणि कापलेली रक्कम एवढेच तीन रकाने टाकून एक तक्ता ठेवला. रात्रीपर्यंत सव्वीस जणांनी भरला. तारखा खरेच बाराही महिन्यांत विखुरलेल्या आहेत, पण खोलीभाड्यावरून कात्री लागलेले आमच्यासह सात जण निघाले आणि त्यांतले चौघे एकाच कंपनीचे आहेत. त्या चौघांची डिस्चार्ज-बिले रविवारी एकत्र करत आहोत. कार्यकर्ती ताईंना विनंती, की कंपनीला द्यायच्या पत्राचा मसुदा एकदा पाहावा.