स्विंगसाठी घरचं स्क्रीनर: कामाचं की नुसता खेळ?

पऱ्हाटीवाला (हिंगणघाट तालुका)

कापूस विकून झाला होता, पेरणीला अवकाश होता, तेव्हा मागच्या उन्हाळ्यात पायथनमध्ये स्वतःचं स्क्रीनर लिहून काढलं. स्क्रीनर म्हणजे ठरल्या अटींनी शेअर गाळणारी चाळणी. आमच्या गावातली पोरं टेलिग्रामवरच्या टिपा घेऊन स्विंग करतात, म्हणजे शेअर घेऊन काही दिवसांत विकतात. टिप हातात पडते तोवर भाव उडालेला असतो, अन् मग ते टिप देणाऱ्याचं गिऱ्हाईक होऊन बसतात. माझं मत ठाम आहे: चार नियम स्वतःचे असावेत अन् ते यंत्रानं तपासावेत.

रोज संध्याकाळी एनएसई या शेअर बाजाराची भावकॉपी (दिवसाच्या भावांची फाइल) उतरवतो. निफ्टी ५०० मधलेच, म्हणजे तिथल्या ५०० मोठ्या कंपन्यांच्या यादीतलेच शेअर. बंद भाव २०० दिवसांच्या सरासरीच्या वर, ५० दिवसांची सरासरीही २०० दिवसांच्या सरासरीच्या वर. २० दिवसांची सरासरी उलाढाल रोजची १० कोटींहून जास्त. आजचा बंद भाव मागच्या २० दिवसांच्या उच्चांकाच्या वर, अन् व्हॉल्यूम (किती शेअर फिरले ते) सरासरीच्या दीडपट. एवढंच. चांगल्या दिवशी पाच-सात नावं उरतात, पडत्या बाजारात कोरा कागद येतो. खरं सांगू? मला त्या कोऱ्या कागदाचाच जास्त उपयोग होतो.

कपाशीत कामगंध सापळा (वासानं पतंग ओढणारा) लावतो तसं समजा. सलग तीन दिवस सापळ्यात रोज आठ पतंग आले की बोंडअळीच्या फवारणीची वेळ झाली. तीन पतंग पाहून धास्तीनं फवारलं की औषधाचे पैसे गेले. आकडा आधी ठरलेला असला की हात आवरतो.

जुना अडत्या

भाऊ, सापळ्याची गोष्ट पटली, पन अर्धीच. कामगंधाची ल्युर (वासाची गोळी) बोंडअळीची लावली तं पतंग बोंडअळीचाच येते. तुया सापळ्यात कोनताबी पतंग येऊन पडते. २० दिवसांचा उच्चांक तुटला म्हंजे घेणारे खरे हायेत, हे तुले कोनं सांगतलं? मी बावीस वर्षं अडतीवर काढली. दोन जन एकमेकाले बोली वाढवून भाव चढवतात अन् तिसऱ्याच्या गळ्यात माल बांधतात, हे मी उभ्या डोळ्यानं पाह्यलं.

अन् बाजारावर नजर ठेवनाऱ्या सेबीनंच सप्टेंबर २०२४ मध्ये सांगतलं, शंभरातले ९३ जन तोट्यात. आता बोल.

पऱ्हाटीवाला

काका, ते ९३ टक्के फ्युचर्स-ऑप्शन्सवाल्यांचे (वायद्याचे सौदे करणाऱ्यांचे), २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचे. त्याआधी जुलै २०२४ मध्ये सेबीनं इंट्राडेचाही (त्याच दिवशी घेऊन विकण्याचा) अभ्यास काढला होता, त्यात २०२२-२३ मध्ये दहापैकी सात जण तोट्यात होते. मी डिलिव्हरी घेतो, म्हणजे शेअर खात्यात घेऊन आठ-पंधरा दिवस धरतो. स्विंगचा आकडा या दोन्हीत नाही.

दोन जणांनी भाव चढवायचा प्रकार असतो, मान्य. म्हणूनच निफ्टी ५०० अन् १० कोटींची अट. रोज १० कोटी फिरवून भाव चढवायचा तर अडतीवरच्या दोघांचं काम नाही ते.

पुसदची ताई

मी शाळेत गणित शिकवते आणि चार वर्षांपासून स्विंग करते. अटी साध्या आहेत, ते आवडलं. माझ्या मावसभावाने एकोणीस अटी लावल्या होत्या. मागच्या दोन वर्षांच्या आकड्यांवर स्क्रीनर एकदम सोनं, आणि प्रत्यक्षात पहिल्याच महिन्यात भोपळा.

पण दोन गोष्टी सांगा. एक, बॅकटेस्टमध्ये (जुन्या भावांवर नियम चालवून बघताना) खरेदी कोणत्या भावाने धरली? अट बंद भावावर आहे. तो साडेतीननंतर कळतो. तुम्हाला खरेदी मिळणार दुसऱ्या दिवशी सव्वानऊला, आणि उच्चांक तोडलेला शेअर बऱ्याचदा वरच उघडतो.

दुसरं, ५०० नावं आजच्या यादीतली की तेव्हाच्या? आजच्या यादीत जे तगले तेच आहेत. डीएचएफएल या घरकर्ज देणाऱ्या कंपनीचा शेअर सप्टेंबर २०१८ मध्ये सहाशेच्या वर होता. २१ तारखेला एका दिवसात ४२ टक्के पडला, साडेतीनशेच्या आसपास बंद झाला. जून २०२१ मध्ये शेअर बाजारातून हटला, भागधारकांच्या हाती शून्य. आजची यादी घेऊन मागे गेलात तर तो तुमच्या चाळणीत कधी येणारच नाही. निकाल गोड दिसणारच.

पऱ्हाटीवाला

ताई, दोन्ही ठिकाणी पकडलंत. खरेदी मी त्याच दिवशीच्या बंद भावानं धरली होती. काल रात्री दुसऱ्या दिवशीच्या उघडत्या भावानं पुन्हा चालवलं (लाइन तीनदा गेली, लॅपटॉपच्या बॅटरीवर कसंबसं झालं). सरासरी नफा निम्म्याहून खाली आला. यादी आजचीच होती.

आणखी एक कबुली देतो. पहिल्या आवृत्तीत फक्त आरएसआय (भावाचा जोर दाखवणारा ० ते १०० मधला आकडा) ३० च्या खाली, म्हणजे शेअर फार पडलेला, एवढीच अट होती. एका संध्याकाळी एक शेअर ८० टक्के पडलेला, आरएसआय तळाला, यादीत सगळ्यात वर. हाव सुटली. दुसऱ्या दिवशी घेणारच होतो, मग कळलं की दहाच्या दर्शनी मूल्याचं दोन झालंय. एकाचे पाच शेअर. भावकॉपीतले जुने भाव स्प्लिटप्रमाणे बदललेले नसतात. तेव्हापासून स्प्लिट-बोनसची फाइल वेगळी जोडतो.

तरी माझं म्हणणं सोडत नाही. १ लाख भांडवलावर एका सौद्यात १,००० पेक्षा जास्त गमवायचे नाहीत. ४०० चा शेअर, १४ दिवसांचा एटीआर (दिवसाचा सरासरी चढ-उतार) १२ रुपये, स्टॉप (तोटा थांबवायला विकायचा भाव) दोन एटीआर खाली, ३७६ ला. म्हणजे शेअरमागे २४ चा तोटा, हजारात बसतात ४१ शेअर, १६,४०० रुपये. हे गणित टिप देणारा कधी सांगतो का?

पुसदची ताई

गणित बरोबर आहे, फक्त ३७६ ला कोणी घेणारा असला तर. ४२ टक्क्यांची घसरण तुमच्या ४०० च्या शेअरवर लावा: १६८ रुपये गुणिले ४१, जवळजवळ सात हजार. हजाराचा हिशोब गेला कुठे?

आणि सुखाच्या बाजूलाही बघा. ५ टक्के मिळाले तर ८२० रुपये. खरेदी आणि विक्री दोन्हींवर ०.१ टक्का एसटीटी (शेअरच्या सौद्यावरचा कर), म्हणजे ३३-३४ रुपये. वर स्टॅम्प, डीपीचा (शेअर खात्याचा) खर्च. कर लागत असेल तर २३ जुलै २०२४ पासून अल्पमुदतीच्या नफ्यावर २० टक्के. हातात सहाशेच्या आसपास. हे चार्जेस बॅकटेस्टमध्ये वजा केलेत का?

जुना अडत्या

ताई बरोबर बोलून रायल्या. मले फक्त एक सांग पोरा, तो एक लाख कोनता? बी-खताचा तं नाही?

पऱ्हाटीवाला

कापसाच्या चुकाऱ्यातलाच आहे काका, खोटं कशाला बोलू. पण १५ मेनंतर स्क्रीनर नवीन नाव दाखवतच नाही. तारीख कोडमध्येच घातली आहे, बायकोनं समोर बसून घालून घेतली. मे अखेर सगळं विकायचं. जानेवारी २०२३ पासून विकल्याचे पैसे लगेच पुढच्या कामाच्या दिवशी येतात, त्यामुळे बियाण्याला अडत नाही.

चार्जेस वजा नव्हते, ताई. आज रात्री घालतो.

जुना अडत्या

मे अखेर बाजार पडलेला असला तं? तोट्यात विकशील का "थोडं थांबू" म्हनशील?

पऱ्हाटीवाला

मागच्या वर्षी एका शेअरला थांबलो होतो. सोयाबीनचं बियाणं उधार घ्यावं लागलं.

पुसदची ताई

२०१८ ची निफ्टी ५०० ची यादी कुणाकडे असेल तर इथे टाका. मीही माझं पुन्हा तपासते.