लिलियाना सेग्रे: नववीच्या वर्गाला कसं सांगावं?

खडूफळा: सेग्रे म्हणजे नाझी छळछावणीतून वाचलेल्या इटालियन ज्यू बाई. ४० मिनिटांचा एकच तास आहे. १९४४ ची मुलगी आणि २०१९ च्या सिनेटर, दोन्ही कसं बसवायचं?

मिलानवारी: छावणीपासून सुरू करू नका. मुलं सुन्न होतात, पुढचं डोक्यात शिरत नाही. १९३८ घ्या: इटलीत ज्यूंविरुद्ध वंशकायदे आले आणि आठ वर्षांच्या मुलीचं शाळेतून नाव कापलं. मग मिलान स्टेशनाचं तळघर. मुळात ती टपालाचे डबे भरायची जागा. पुढे छावणीत पाठवायची माणसं तिथेच मालडब्यात कोंबायची आणि भरलेला डबा लिफ्टने वर रुळांवर न्यायचा. ३० जानेवारी १९४४ ला सेग्रे वडिलांसोबत इथूनच आउश्वित्झच्या नाझी छावणीत गेल्या. वडील परतले नाहीत. आज तिथल्या भिंतीवर मोठ्ठ्या अक्षरांत लिहिलंय, 'उदासीनता'. शब्द सेग्रेबाईंनीच सुचवलेला.

जुनी_वही: +१. पण 'सुटल्या आणि लढल्या' अशी उडी नको! १९९० पर्यंत त्या जाहीरपणे बोलल्याच नव्हत्या. २०१८ मध्ये इटलीच्या संसदेत तहहयात सिनेटर झाल्या. २०१९ मध्ये द्वेषाविरुद्ध समिती नेमण्याचा त्यांचा ठराव १५१ मतांनी मंजूर झाला. विरोधात शून्य, तटस्थ ९८. धमक्यांमुळे ८९ व्या वर्षी पोलीस संरक्षण द्यावं लागलं.

खडूफळा: मग शेवटची १५ मिनिटं त्या ९८ जणांवरच. भिंतीचा फोटो आधी दाखवतो.