अक्कलदाढेवरून कुणाला सज्ञान ठरवावं का?

पारिजात
जन्मदाखला नसला की मुलाच्या जबड्याचा एक्स-रे काढतात आणि अक्कलदाढेच्या मुळांवरून तो १८ च्या अलीकडचा की पलीकडचा ते ठरवतात. मला हे पटत नाही. लहान वयात दात भरवशाचे, कारण तेव्हा बरेच दात एकदम घडत असतात. एकाची चूक दुसरा सावरतो. पण १५-१६ च्या सुमाराला दुसऱ्या दाढेची मुळंही पूर्ण होतात आणि उरते एकटी अक्कलदाढ. सगळ्यांत लहरी दात! काहींना ती नसतेच. काहींच्या मुळांची टोकं १८ च्या आधीच मिटतात, काहींची विशी उलटली तरी उघडी. ज्या निकालावर कुणाची रवानगी मोठ्यांच्या तुरुंगात होऊ शकते, त्याला हा आधार पुरेसा आहे?

दंतवैद्य
मी हे काम करतो, म्हणून सांगतो. दाढ हिरडीतून वर आली का, हे आम्ही मोजत नाही. मुळं किती घडली ते पाहतो. कॅमेरिएरे यांच्या २००८ च्या पद्धतीत मुळांच्या टोकांची उघडी रुंदी दाताच्या लांबीने भागतात. उत्तर ०.०८ पेक्षा कमी आलं तर व्यक्ती १८ किंवा त्याहून मोठी धरतात. शिवाय कुपोषणाने हाडांची वाढ जेवढी मागे पडते तेवढी दातांची पडत नाही. दात नको, तर मिसरूड बघून ठरवायचं का?

जुनी पानं
दातांनी मुलांना वाचवलंही आहे. इंग्लंडमध्ये १८३३ च्या कायद्याने कापड गिरण्यांत ९ वर्षांखालच्या मुलांना कामाला बंदी आली. वय उंचीवरून ठरायचं, त्यामुळे थोराड मुलं सहज खपून जात. १८३७ मध्ये एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने सुमारे हजार मुलं तपासून दाखवलं की उंचीपेक्षा दात खरे बोलतात.

पारिजात
अहो, पण तो प्रश्न ९ वर्षांचा होता! तिथे माझी हरकत नाहीच. डेमिर्जियन यांची १९७३ ची पद्धत घ्या, जिच्यात दाताची घडण आठ टप्प्यांत मांडून वय काढतात. तिचे तक्ते फ्रेंच-कॅनडियन मुलांवरून बनले. इतर अनेक देशांतल्या मुलांचं वय त्यांत जास्त निघतं. ०.०८ ची रेघसुद्धा काही जणांना चुकीच्या बाजूला टाकतेच. आणि दोन्ही चुका सारख्या नाहीत. १९ वर्षांचा तरुण अल्पवयीन ठरला तर त्याला सवलत मिळते. १७ वर्षांचा मुलगा सज्ञान ठरला तर त्याचं काय होतं, ते बोलायला नको.

सजग
सारख्या नाहीत, मान्य. पण २३ वर्षांचा माणूस १४-१५ च्या मुलांत राहायला आला, तर तीही मुलंच आहेत ना? त्यांची बाजू या धाग्यात कुणीच घेतली नाही.

दंतवैद्य
@पारिजात, तक्त्यांचं म्हणणं बरोबर आहे. म्हणून अहवालात एक आकडा लिहिणं मला चूक वाटतं. त्या टप्प्यावर आढळलेलं सर्वांत कमी वय लिहावं, तक्ता कोणत्या लोकसमूहाचा तेही लिहावं, आणि जोडीला मनगट व कॉलरबोन तपासावं. तरीही शंका उरली, तर मी अल्पवयीनच लिहीन. मात्र तपासणीच नको, हे मला मान्य नाही.