एक लांबुडका साहेब अन् एक बुटका, दोघं मिळून पृथ्वी कापून राहिले, हे चित्र कशाचं आहे?

महालकर_जुना:

नमस्कार मंडळी. नागपूरच्या महालातला आमचा वाडा आता बिल्डरला देऊन राहिलो, त्याच्यामुळे पंधरा दिवसांपासून माळा रिकामा करणं चालू आहे. आजोबांच्या पेटीमागे एक फ्रेम सापडली, काच तडकलेली, मागचा पुठ्ठा वाळवीनं खाल्लेला. चित्र असं की टेबलावर ताट, ताटात पृथ्वीचा गोळा अन् त्याच्यातून चक्क वाफा निघून राहिल्या. डाव्या बाजूला काडीसारखा उंच साहेब, लांब नाक. उजवीकडे पिसंवाली भली मोठी टोपी घातलेला बुटका, खुर्चीतून अर्धा उठलेला. दोघं सुरी-काटा घेऊन पृथ्वीचे काप काढून राहिले, जसं आपण टरबूज कापतो तसं. खाली बारीक इंग्रजी, त्यात १८०५ साल अन् 'हम्फ्री' एवढंच वाचता आलं. पोरगी म्हणते बुटका म्हणजे नेपोलियन.

कबाडीवाला फ्रेमसकट ३०० देतो म्हणे, मी नाही म्हटल्यावर लगेच ५०० वर आला, तिथंच मला शंका आली.

तर विचारायचं हे की चित्र कशाचं, ओरिजिनल असू शकते काय, अन् त्या काळात बड्या लोकांचं असं चित्र काढणाऱ्याला कोणी उचललं नाही काहून? इथं आपल्याला सोसायटीच्या ग्रुपवर अध्यक्षाचा साधा मीम टाकायची हिंमत होत नाही.

तांब्याचा_पत्रा:

पोरीला शंभरपैकी शंभर. बुटका नेपोलियनच, आणि लांबुडका म्हणजे विल्यम पिट, तेव्हाचा इंग्लंडचा पंतप्रधान. काढणारा जेम्स गिलरे. चित्राचं नाव 'प्लम पुडिंग इन डेंजर', तारीख २६ फेब्रुवारी १८०५. तो गोळा म्हणजे ख्रिसमसला खातात ते वाफाळतं पुडिंग. त्या जानेवारीतच नेपोलियननं इंग्लंडच्या राजाला तहाचं पत्र पाठवलं होतं, म्हणजे तू समुद्र घे आणि मी युरोप घेतो, असं वाटपाचं जेवण. पिटच्या हातातला काटा नीट बघा, तीन दातांचा त्रिशूळ आहे, समुद्रदेवाचा, आणि तो अटलांटिकमध्ये रुतलाय. नेपोलियन युरोपचा तुकडा तोडतोय, पण तुकड्यापेक्षा पठ्ठ्याची हावच मोठी दिसते. आपण आज नेपोलियन म्हटलं की ठेंगू समजतो ना, ती करामत बऱ्याच अंशी या गिलरेची. माणूस त्या काळच्या मानानं सर्वसाधारण उंचीचा होता, यानं 'लिट्ल बोनी' म्हणून त्याला जो बुटका केला तो दोनशे वर्षं बुटकाच राहिला.

आता ओरिजिनलचं. मी कॉलेजात एचिंग शिकलोय म्हणून सांगतो, हे कसं बनायचं ते कळलं की ओळखणं सोपं जातं. तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, त्यावर सुईनं चित्र ओरखडायचं, तेही सगळं उलटं, अक्षरंसुद्धा उलटी, मग पत्रा तेजाबात. मेण जिथं निघालंय तिथं तांबं खाल्लं जातं, त्या चरांत शाई भरायची, वरची पुसून टाकायची आणि ओलसर कागद ठेवून रुळाच्या प्रेसमधून दाबून काढायचं. रंग छापायचे नाहीत, माणसं बसून एकेक प्रत जलरंगानं हातानं रंगवायची. म्हणून दोन प्रतींत कोटाचा रंगही वेगळा सापडू शकतो.

तर तुम्ही तीन गोष्टी बघा. चित्राभोवती कागदात पत्र्याच्या कडेचा दबलेला चौकोन लागतो का, बोट फिरवलं तरी कळतं. दुसरं, माप. पत्रा साधारण १० इंच बाय १४ इंच, फारच लहान-मोठं असलं तर विषय संपला. आणि तिसरं सगळ्यात महत्त्वाचं, घड्याळजीकडं असतं तसलं भिंग घेऊन पिटच्या गालावर धरा. रंगाचे बारीक ठिपके ओळीत दिसले तर ते ऑफसेटवर छापलेलं, कुठल्यातरी पुस्तकातलं किंवा कॅलेंडरवरचं. अजून एक, १८५०च्या सुमारास बोन नावाच्या प्रकाशकानं गिलरेचे जुने पत्रे विकत घेऊन त्यावरून परत छापले होते, ते बहुतेक बिनरंगाचे आणि कागदाच्या दोन्ही बाजूंना चित्र. पाठीमागं दुसरं चित्र निघालं तर ते हे.

'हम्फ्री' म्हणजे हॅना हम्फ्री, दुकानाची मालकीण. लंडनला सेंट जेम्स स्ट्रीटवर २७ नंबरचं दुकान, गिलरे वरच्या मजल्यावर राहायचा. खाली नाव-पत्ता-तारीख छापलेली असते कारण १७३५ मध्ये होगार्थ या चित्रकारानं खटपट करून कायदा करून घेतला होता, तारीख टाका म्हणजे १४ वर्षं तुमचं चित्र दुसऱ्यानं चोरून छापायचं नाही.

वऱ्हाडी_ठेचा:

भाऊ, तुमची पोस्ट वाचून मी ते चित्र ब्रिटिश म्युझियमच्या साइटवर काढून पाह्यलं, फुकटात मोठं करून पाहता येते. मजा आली, पण माह्या डोक्यात वेगळंच चालू झालं. १८०५ चा फेब्रुवारी म्हणता न? त्याच्या चौदा महिने आधी, १७ डिसेंबर १८०३ ले, आपल्या नागपूरच्या रघुजी भोसल्यांनी इंग्रजांशी देवगावचा तह केला. त्याच्या दोन दिवस आधी गाविलगड पडला, त्याच्याआधी २९ नोव्हेंबरले अडगावची लढाई. कटक गेलं, वर्धा नदीच्या पलीकडचा वऱ्हाड गेला. म्हणजे लंडनचे लोक खिडकीपुढं उभे राहून 'कसे पृथ्वी खाऊन राहिले पाहा' म्हणून हसत होते तेव्हा आमचा काप ऑलरेडी ताटात पडला होता, अन् चित्रात तो कुठं दिसतच नाही कारण आपली बाजू गोळ्याच्या मागे आहे. गिलरेची चूक नाही म्हणा, गोळा आहे तर एकच बाजू दिसन. पण चिखलदऱ्याले जाऊन गाविलगडाच्या तुटक्या भिंतीवर बसलेल्या माणसाले हे चित्र वेगळं दिसते राजेहो.

अन् ज्यानं गाविलगड घेतला तो वेलस्ली म्हणजे पुढं वेलिंग्टनचा ड्यूक. त्यालेही सोडलं नाही. १८२७ मध्ये विल्यम हीथनं त्याले नुसता एक बूट काढला, बुटावर मुंडकं अन् टोपी, बस. मी ते पाहून पाच मिनिटं हसत होतो, गाविलगडाचा थोडा हिशेब निघाला.

हिंदुस्थानावरचीही आहेत, पाहून घ्या. १७८६ चं हेस्टिंग्ज उंटावर बसलेला अन् बर्क, फॉक्स वगैरे विरोधी खासदार त्याच्यावर डाकूसारखे तुटून पडलेले. १७९१ चं तर विचारूच नका, कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणहून माघारी पळून राहिला अन् तटावरून टिपू सुलतान त्याच्या फौजेवर उभ्यानं... पावसाळा आला असं नाव आहे चित्राचं, समजून घ्या. स्वतःच्या सेनापतीची अशी फजिती स्वतःच्याच राजधानीत विकाले ठेवली होती.

कोरा_कागद:

सगळे फारच भारावून गेलेत म्हणून थोडं थंड पाणी ओततो. महालकरांचा तिसरा प्रश्न राहिला, उचललं काहून नाही. एक तर उचलायचे प्रयत्न झाले. १७९६ मध्ये गिलरेवर देवनिंदेचा आरोप आला होता, ते प्रकरण पुढं दाबलं गेलं. दुसरं, खटला भरायचा म्हणजे सरकारी वकिलानं कोर्टात उभं राहून सांगायचं की महाराज, हा जो ढेरी सुटलेला, पॅन्टची बटणं तुटायला आलेली, काट्यानं दात कोरत बसलेला माणूस आहे तो म्हणजेच आपले युवराज. कोण सांगणार? युवराजाचं हे चित्र खरंच आहे, १७९२ चं, आणि त्याच महिन्यात त्याच्या बापाचंही काढलं, राजा असून उकडलेलं अंडं खाणारा कंजूष म्हणून.

पण खरी गंमत पुढं आहे. पकडण्यापेक्षा विकत घेणं स्वस्त पडतं. ज्या गिलरेनं १७९१ मध्ये पिटला उकिरड्यावर उगवलेली कुत्र्याची छत्री दाखवलं, त्यालाच १७९७ पासून पिटच्या लोकांनी वर्षाला २०० पौंड पेन्शन बांधून दिलं आणि मग त्याचा बहुतेक मारा विरोधी पक्षाच्या फॉक्सवर. जेम्स सेयर्सचं बघा. १७८३ मध्ये फॉक्सनं ईस्ट इंडिया कंपनीवर सरकारी ताबा आणायचं बिल आणलं, तर सेयर्सनं त्याला हत्तीवर बसवून, डोक्याला पागोटं घालून कंपनीच्या दारात मिरवत नेलं, नाव ठेवलं 'कार्लो खान', आणि हत्तीला तोंड लावलं फॉक्सच्याच जोडीदाराचं, लॉर्ड नॉर्थचं. त्याच महिन्यात बिल पडलं, सरकारही गेलं. अर्थात बिल पाडलं ते राजानं वरच्या सभागृहात दाबून, चित्रानं नाही, पण पिट सत्तेवर आल्यावर सेयर्सला सरकारी नोकरी मिळाली हे खरं. जॉर्ज क्रुकशँकनं १८२० मध्ये १०० पौंड घेऊन लिहून दिलं की महाराजांना कुठल्याही अनैतिक अवस्थेत दाखवणार नाही. आणि यांना आपण निर्भीड म्हणायचं.

शिवाय हे गरिबांचं माध्यम नव्हतं. बिनरंगाचं चित्र साधारण एक शिलिंग, रंगवलेलं दोन शिलिंग, म्हणजे मजुराच्या दिवसाच्या कमाईचा मोठा हिस्सा. घेणारे तेच लॉर्ड आणि खासदार, ज्यांची चित्रं असायची.

तर्री_जास्त:

कोरा कागद सर, विकत घेणारे श्रीमंत असतील, पण पाहणारे सगळेच होते न. दुकानाच्या खिडकीत ताजी चित्रं लावायचे अन् बाहेर ही गर्दी. आपल्या पानठेल्यावर एक पेपर दहा लोक वाचतात, विकत कोण घेते? गिलरेचंच १८०८ चं एक चित्र आहे, हम्फ्रीच्या दुकानापुढं एक म्हातारा घसरून चारीमुंड्या चीत पडला अन् बाकीचे खिडकीतली चित्रं पाहण्यात इतके गुंग की कोणी वळूनही पाहून नाही राहिलं. अन् फोर्स नावाच्या पिकॅडिलीवरच्या दुकानदाराकडे तर अल्बम एका संध्याकाळपुरता भाड्यानं मिळायचा, घरी पाहुणे आले की न्यायचा. लग्नात आपण डेकोरेशन भाड्यानं आणतो तसा.

अन् मला राहून राहून एकच वाटून राहिलं, इतकं लांब लंडनला काहून जाता, आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काय निघते? मारबत अन् बडगे, म्हणजे मोठाले पुतळे! महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा बडग्या, ज्या पुढाऱ्यानं वर्षभर ताप दिला त्याचा बडग्या, गळ्यात पाटी, अन् इतवारीत पाय ठेवायला जागा नसते. काळी मारबत १८८१ पासून निघते म्हणतात, बाकाबाईनं इंग्रजांशी हातमिळवणी केली त्याचा राग काढायला, असं आमच्या आजीकडून ऐकलं. म्हणजे त्यांच्याकडे राजाची टर खिडकीत लागत होती अन् आमच्याकडे भोसल्यांच्या राणीची रस्त्यावरून मिरवत. फरक एवढाच की आपण 'घेऊन जा गे मारबत' म्हणून संध्याकाळी जाळून मोकळे होतो. त्यांनी पत्रे जपून ठेवले म्हणून दोनशे वर्षांनी महालकरांच्या माळ्यावर पिट सापडला. आपल्या १८८१ च्या बडग्यावर कोणाचं थोबाड होतं ते आता कोण सांगन?

कोरा_कागद:

बडग्याला पेन्शन देता येत नाही, हा मुद्दा तुमच्या बाजूनं मान्य.

तांब्याचा_पत्रा:

पेन्शनवरून गिलरेला इतकं झोडपू नका हो. पैसे घेतल्यावर आठ वर्षांनी त्यानं पिटला याच चित्रात हावरट दाखवलंय, नेपोलियनइतकाच. आणि शेवट बघा त्याचा. नजर गेली, दारू वाढली, १८०९ नंतर काम जवळपास थांबलं, मग डोक्यावर परिणाम झाला. दुकानाच्या वरच हम्फ्री बाईनं त्याला सांभाळलं, शेवटपर्यंत. १ जून १८१५ ला गेला. वॉटर्लू १८ जूनला. ज्याला जन्मभर बुटका काढला त्याची हार बघायला सतरा दिवस कमी पडले.

महालकर_जुना:

सगळ्यांचे आभार. भिंग इतवारीतल्या एका घड्याळवाल्याकडून मागून आणलं. पिटच्या गालावर धरलं अन् निघाले बाप्पा ठिपके, लाल-निळे-पिवळे, कवायतीला उभे असल्यासारखे. दबलेला चौकोनही नाही. माप मात्र जवळपास बरोबर आहे, त्याच्यामुळे पाच मिनिटं मी श्रीमंत होतो.

मागचा पुठ्ठा काढला तर आजोबांच्या अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं, 'वाटणी'. बस एवढंच. आता ते साल कोणतं, चुलत आजोबांशी वाड्याची वाटणी झाली ते की काही दुसरं, आई म्हणते तिला माहीत नाही, पण म्हणताना हसली. कबाडीवाल्याला नाही म्हणून सांगितलं. नव्या फ्लॅटच्या हॉलमध्ये लावतो, फक्त कागद एका कोपऱ्यात काचेला चिकटला आहे, ओढून काढू काय?

तांब्याचा_पत्रा:

अजिबात ओढू नका! तसाच काचेसकट ठेवा, चितारओळीत किंवा धरमपेठेत ज्याच्याकडं फ्रेमिंग करता त्याला आधी चिकटलेला कोपरा दाखवा, आणि तो म्हणाला 'पाणी मारून काढतो' तर दुसऱ्याकडं जा. नवीन काच लावाल तेव्हा चित्र आणि काच यांच्यामध्ये माउंटची जाड पट्टी टाकायला सांगा म्हणजे परत चिकटणार नाही. आणि वाळवीचा तो पुठ्ठा फेकाल तेव्हा आजोबांनी लिहिलेला तुकडा कापून ठेवा.