मदत हवी आहे: आईचं वजनाचं ऑपरेशन झालं, पोटात काहीच थांबत नाही, पोळा तोंडावर आला

वावरकर_दारव्हा (सोमवार, रात्री ९:१०)
नमस्कार मंडळी. आईचं वजन कमी करायचं ऑपरेशन नागपूरला झालं. आता काही खाल्लं की थांबत नाही. भाकर दिली, उलटी. भात दिला, उलटी. दवाखान्यातून जो कागद दिला तो इंग्रजीत आहे, त्यात ओट्स, ब्रोकोली, टोफू असलं लिहिलं आहे. दारव्ह्याच्या बाजारात ब्रोकोली कुठून आणू? मला फक्त एवढंच सांगा, आपल्या घरच्या जेवणातलं काय द्यायचं आणि पुरणपोळी चालेल का. शुक्रवारी पोळा आहे, बहिणी येतील, आई चुलीपुढे बसल्याशिवाय राहणार नाही. दिवसभर फवारणी चालू असते, रात्रीच बघता येतं. लवकर सांगा.

नलू_अमरावती (९:३२)
दादा, माझं वजनाचंच, पोटाचं बायपास २०१९ मध्ये झालं, हृदयाचं नाही. तुमच्या आईचं स्लीव्ह झालं, म्हणजे जठर कापून लहान केलं, की बायपास, म्हणजे अन्नाची वाट वळवून थेट आतड्याला जोडली? किती दिवस झाले? उलटी जेवल्याजेवल्या होते की तासाभरानं? हे कळल्याशिवाय काय सांगणार?
पुरणपोळी मात्र सध्या विसरा. भाचीच्या साक्षगंधात मी बुंदीचा एक लाडू खाल्ला होता. पंधरा मिनिटांत दरदरून घाम, छाती धडधड, पोटात कळ, मग जुलाब. मांडवातल्या सतरंजीवर आडवी पडले, सगळ्यांना वाटलं हार्ट अटॅक. साखर एकदम आतड्यात उतरली की असं होतं, याला डम्पिंग म्हणतात. बायपासवाल्यांना जास्त होतं, स्लीव्हवाल्यांनाही होऊ शकतं.

मोर्शीचा_संत्रेवाला (९:४१)
ताकद येण्यासाठी संत्र्याचा रस द्या, सकाळ-संध्याकाळ एकएक ग्लास. आमच्या काकांना कावीळ झाली तेव्हा त्यावरच उठले.

नलू_अमरावती (९:४४)
भाऊ, कावीळ वेगळी आणि हे वेगळं. ग्लासभर रस या पोटात मावतच नाही. वर नुसती साखर.

गुरुजी_वणी (९:५८)
स्पष्ट बोलतो, राग मानू नये. देवानं दिलेलं पोट कापायला नको होतं. ज्वारीची आंबील, ताक, आणि रोज पहाटे वावरापर्यंत चालणं, एवढ्यावर आमची पिढी सडपातळ राहिली. आता झालं ते झालं. आंबील पातळ करून सुरू करा, पोट आपोआप ताळ्यावर येईल.

वावरकर_दारव्हा (१०:२०)
गुरुजी, हौस म्हणून नाही केलं. आईचं वजन ११८ किलो होतं, शुगर होती, गुडघे असे की संडासला जायलाही आधार लागायचा. चालणं कुठून करणार?
नलूताई, स्लीव्ह. आषाढीच्या आठवडाभर आधी झालं. पहिले पंधरा दिवस पातळ दिलं, ते नीट गेलं. नंतर आईच म्हणाली मला भाकर पाहिजे. घास गेला की दोनच मिनिटांत छातीत अडकल्यासारखं होतं, आधी फेस येतो, मग घास जसाच्या तसा बाहेर. मला यादी द्या ना कोणीतरी.

नलू_अमरावती (१०:३५)
म्हणजे साडेसात आठवडे झाले. स्लीव्हमध्ये जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग काढतात, उरते ती केळ्याएवढी नळी. पहिल्यांदा खाण्याची रीत बघा, यादी नंतर. आई जेवताना पाणी पिते का? आपल्याकडे ताटाशेजारी गडवा असतोच. तो उचला. जेवणाच्या आधी आणि नंतर अर्धा अर्धा तास पाणी नाही, मधल्या वेळात घोटघोट करून दिवसाला दीड-दोन लिटर. घास करंगळीच्या नखाएवढा, पीठ होईस्तोवर चावायचा. वाटीभर खायला वीस मिनिटं लागली पाहिजेत. भात आणि ताजी मऊ पोळी यांचा आत गोळा होतो, म्हणून सुरुवातीला तेच जास्त अडकतात.
दुसरं, वरण कसं देता? बहुतेक घरी आजाऱ्याला वरणाचं वरचं पाणी देतात. डाळ खाली बसलेली असते आणि प्रोटीन त्या डाळीत असतं. दिवसाला ६० ग्रॅमच्या वर प्रोटीन लागतं, आणि घट्ट वरणाच्या वाटीत जेमतेम ६-७ ग्रॅम मिळतं. म्हणून घट्ट वरण घोटून, दही फडक्यात बांधून त्याचा चक्का, मऊ पनीर, आणि अंडं. एका अंड्यात ६ ग्रॅम.

वावरकर_दारव्हा (१०:४१)
आमचं घर माळकरी आहे. अंडं चालत नाही.

सावजी_प्रेमी (१०:५०)
औषध म्हणून घेतलं तर माळ काही बाटत नाही भाऊ. गावरान कोंबडीचं पातळ पाणी द्या, तिखट न टाकता. आठ दिवसांत फरक.

गुरुजी_वणी (१०:५६)
कोणाच्या माळेबद्दल असं बोलू नये. त्यांनी नाही म्हटलं, विषय संपला.

भंडाऱ्याची_लेक (११:०४)
शाकाहारी असाल तर लाखोळीच्या, म्हणजे लाखेच्या (खेसारी) डाळीचं पिठलं द्या ना. आमच्याकडे धानाच्या बांधीत लाखोळीच असते. स्वस्त, आणि प्रोटीन भरपूर.

धामणगावकर (११:१०)
लाखोळी? ताई, आजारी माणसाले लाखोळी काऊन सांगता? पाय जातेत तिनं. १९६१ पासून विक्रीवर बंदी आणली होती त्यासाठीच.

भंडाऱ्याची_लेक (११:१७)
महिनोन्‌महिने दुसरं काहीच न खाता लाखोळीच खाल्ली तर होतं ते. दुष्काळात तसं झालं. आमचं सगळं गाव खातं, सगळे धडधाकट चालतात. उगाच बदनाम करू नका.

नलू_अमरावती (११:२५)
लाखोळीचा वाद दुसऱ्या धाग्यावर घाला. दादा, तुमच्याकडे सोयाबीन असेलच. घरात पोत्यांनी सोयाबीन आणि ताटात एक दाणा नाही, हे मी आमच्याकडेही बघते. नीट शिजवल्याशिवाय मात्र देऊ नका, कच्चं पचत नाही. सोयाबीनच्या वड्या उकडून, पिळून, मिक्सरमधून काढून वरणात कालवा. कोरड्या वड्यांत निम्मं प्रोटीनच असतं.

पॉलिसीभाऊ (मंगळवार, सकाळी ७:१५)
क्लेम केला का? विमा नियामकाच्या २०१९ च्या नियमांप्रमाणे बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) ४० च्या वर असेल, किंवा ३५ च्या वर असून सोबत हाताबाहेर गेलेली शुगर वा तसा मोठा आजार असेल, तर ही शस्त्रक्रिया विम्यातून वगळता येत नाही. अर्थात डॉक्टरांचा सल्ला आणि आधीचे उपाय फसल्याचे कागद लागतात. डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा.

धामणगावकर (७:३०)
त्यायनं विमा कुठं विचारला बापा? त्यायची माय उपाशी हाय.

सिस्टरबाई (दुपारी १:०५)
मी प्राथमिक आरोग्य केंद्रात नर्स आहे. रात्रपाळी होती, आत्ता धागा वाचला. दादा, मला एवढं सांगा. नुसतं पाणी पोटात राहतं का? उलट्या किती दिवसांपासून? दिवसातून किती? लघवी किती वेळा होते? व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू आहेत का? शुगरची गोळी कोणती आणि किती? चालताना तोल जातो का? दिसायला त्रास? सगळ्यांची उत्तरं द्या.

वावरकर_दारव्हा (रात्री ८:४८)
फवारणीवरून आत्ता आलो. आईला विचारून लिहितो. उलट्या बारा-तेरा दिवसांपासून आहेत, आधी एखादी व्हायची, आता पाच-सहा. चार दिवसांपासून पाणीही अर्धं बाहेर येतं. लघवी दिवसातून दोनदा, पिवळी. गोळ्या मोठ्या आहेत, घशात अडकतात म्हणून पहिल्या महिन्यातच बंद केल्या. शुगरची गोळी अर्धी केली होती, ती चालू आहे.
तोल जातो, हे तुम्ही विचारलं म्हणून लक्षात आलं. दोन दिवसांपासून चौकट धरून चालते, पाय फाकवून. मला वाटलं अशक्तपणा. आणि काल बैलाची झूल शिवत बसली होती, सुई ओवायला तिनं मला हाक मारली. म्हणे, दोन दोन सुया दिसतात, कोणतीत दोरा घालू? आम्ही हसलो. आज चहा ओतला तर बशीच्या बाजूला सांडला.
गावातल्या डॉक्टरांनी काल ग्लुकोजची एक सलाईन लावली, तरी आज जास्तच गरगरतं म्हणते. जेवणाचं काय करू ते सांगा ना.

धामणगावकर (८:५५)
पाय लटपटतेत, पहा, म्या म्हटलं नव्हतं लाखोळी?

वावरकर_दारव्हा (८:५७)
भाऊ, आमच्या घरी लाखोळी येतच नाही.

सिस्टरबाई (९:०२)
दादा, जेवणाचा प्रश्न बाजूला ठेवा. आईला आज, आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. उद्या सकाळी नाही.
ऑपरेशननंतर सतत उलट्या, गोळ्या बंद, तोल जाणं, एकाचे दोन दिसणं. हे सगळं एकत्र आलं की बी-१ म्हणजे थायमिन संपल्याची शंका पहिल्यांदा घ्यायची. शरीरात त्याचा साठा दोन-तीन आठवड्यांपुरताच असतो. तो संपला की मेंदूवर परिणाम होतो, त्याला वर्निके म्हणतात. वेळेत दिलं तर माणूस सावरतो. उशीर झाला तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते. तोंडानं गोळी देऊन आता भागणार नाही, शिरेतून द्यावं लागतं.
आणि थायमिन न देता ग्लुकोज चढवलं की उरलंसुरलंही खर्च होतं. कालच्या सलाईननंतर गरगरणं वाढलं ते मला त्यामुळेच वाटतं. कागदावर मराठीत लिहून न्या आणि दाखवा: "स्लीव्ह ऑपरेशन, साडेसात आठवडे, तेरा दिवस उलट्या, दोन दिसतात, तोल जातो, थायमिनची कमतरता आहे का ते बघा, ग्लुकोजच्या आधी थायमिन." संकोच करू नका, दोनदा सांगावं लागलं तर दोनदा सांगा.

गुरुजी_वणी (९:०९)
घाबरवू नका हो. उपाशीपोटी शुगरची गोळी घेतली की साखर उतरते, डोळ्यापुढे अंधारी येते. चमचाभर साखर द्या, बरं वाटेल.

सिस्टरबाई (९:१३)
गुरुजी, साखर उतरलेली असू शकते, हे तुमचं बरोबर आहे. म्हणून निघायच्या आधी घरी मशीन असेल तर शुगर तपासा. ७० च्या खाली असेल तर ग्लुकोज द्यावंच लागेल, त्यासाठी थांबायचं नाही, पण दवाखान्यात पोचताच थायमिनही हवं. आणि दादा, गोळी बंद करायची की नाही ते ऑपरेशनवाल्या डॉक्टरांना आत्ताच फोन करून विचारा. साखर उतरली तर अंधारी येते, घाम येतो. दोन दोन सुया दोन दिवस दिसत राहत नाहीत.

नलू_अमरावती (९:१५)
दादा निघा. मी काल घासाच्या आकारावर बोलत बसले, उलट्या किती दिवस आहेत ते विचारायलाच हवं होतं मी.

वावरकर_दारव्हा (९:२१)
शुगर ९४. शेजारच्यांची गाडी सांगितली. यवतमाळला निघतो.

धामणगावकर (९:२३)
सांभाळून जा भाऊ. रस्त्यानं बैलगाड्या असतेत अंधारात. मायले मांगच्या सीटवर आडवं करजा, डोकं एका बाजूले.

सिस्टरबाई (बुधवार, सकाळी ६:४०)
दादा, काही कळवा.

मोर्शीचा_संत्रेवाला (१०:१०)
काही समजलं का?

वावरकर_दारव्हा (गुरुवार, संध्याकाळी ६:३०)
मंडळी, आता नागपूरला आहे, ऑपरेशन झालं त्याच दवाखान्यात. यवतमाळला रात्री अकराला पोचलो. पहिल्यांदा ग्लुकोजच लावायला आणलं होतं. मी कागद पुढे केला. तिथल्या ताईंनी वाचला, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, आणि आधी थायमिन दिलं. काल संध्याकाळी आई म्हणाली, आता तू एकच दिसतो. पाय अजून लटपटतात, त्याला वेळ लागेल म्हणतात. आज सकाळी इथे आणलं. दुर्बीण घातली तर नळीच्या मधोमध अरुंद झालेलं निघालं, म्हणून पाणीही उतरत नव्हतं. उद्या फुगा घालून रुंद करणार.
आज खांदेमळणी. बाबांनी एकट्यानेच बैलांचे खांदे हळद-लोण्यानं चोळले. फोन बैलांपुढे धरला आणि आईनं इथून म्हटलं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. दरवर्षी तीच म्हणते.

सिस्टरबाई (६:४४)
डोळे लवकर सुधारतात, चाल हळूहळू. पायाचे व्यायाम विचारून घ्या. घरी जाताना बी-१२, लोह, कॅल्शियम चावायच्या किंवा पातळ रूपात लिहून मागा. लोह आणि कॅल्शियम एका वेळी नाही, दोन तासांचं अंतर. बी-१२ चं इंजेक्शन मिळतं. दोन दिवस उलटी थांबली नाही की पुन्हा धागा काढायचा नाही, थेट निघायचं.

गुरुजी_वणी (७:०५)
बाईंचं म्हणणं खरं निघालं. आईसाहेबांना नमस्कार सांगा.

वावरकर_दारव्हा (पुढचा बुधवार, रात्री ९:५०)
आईला घरी आणलं. फुगा घातल्यावर उलटी एकदाही नाही. पुन्हा पहिल्यापासून सुरू, म्हणजे आधी पाणी आणि पातळ ताक, आता घोटलेलं वरण चार-चार चमचे. गडवा उचलला, आता औषधाच्या टोपणानं मोजून पाणी पिते. सोयाबीनच्या वड्यांची पेस्ट तिला आवडली नाही, चक्का आवडला. नागपूरच्या आहारताईंना तो इंग्रजी कागद दाखवून मराठीत लिहून घेतला. त्यांनी टोफूच्या जागी पनीर लिहिलं. हे आधीही विचारता आलं असतं.
पण आई रोज एकच विचारते. भाकर कधी?

नलू_अमरावती (१०:१२)
आहारताई ज्या दिवशी हो म्हणतील त्या दिवशी. मला तिसऱ्या महिन्यात मिळाली होती. ज्वारीची, पातळ, चतकोराच्याही अर्ध्याहून कमी, वरणात अर्धा तास भिजवलेली. कडा काढून. पहिला घास मी मोजून तीस वेळा चावला होता, आणि थांबले, दुसरा घेतला नाही त्या दिवशी. तसंच करा म्हणावं.

वावरकर_दारव्हा (१०:१५)
वाचून दाखवलं. म्हणते, कडा बैलाला घालीन.